दोन थोबाडीत

कुवेत, २५ ऑक्टोबर १९९८

चि. लुईझास,
अनेक आशीर्वाद. मी खुशाल आहे. मी पाठवलेल्या टीव्हीसमोर शुक्रवारी अख्खी आळी जमते म्हणे! आम्हीही खोलीवर त्याच मालिकेतल्या लाजरे मास्तरांच्या कॅसेटी बघतो. कंबर लचकवत आले की कोणीतरी थोबाडीत ठेवून देतं आणि मागून हशा. मला तर आपला व्हॅलेरियनच आठवतो. भाऊराया पंचविशीचा झाला, तरी लग्नात बायकांच्या घोळक्यात नाचतो. त्यालाही दोन थोबाडीत दिल्या की सरळ होईल. माझ्या वतीने द्या!

पत्र नेहमीसारखं संध्याकाळच्या रोजरीच्या प्रार्थनेनंतर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखव. आईबाबांना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढवत जा.
तुझा दादा, अँथनी

गास, २६ नोव्हेंबर १९९८

ती. अँथनीदादास,
सा. न. वि. वि. तुझं पत्र मी वाचून दाखवलं. शुक्रवार होता, आळी जमलेली. सगळे पोट धरून हसले, मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून व्हॅलेरियनला सगळे मास्तर म्हणू लागले.

रविवारी जुलियानाच्या लग्नात तो नाचत होता. आळीतल्या चौघांनी त्याला ओढून मांडवाच्या मधोमध आणलं. अँथनीनेच लिहिलंय, असं ओरडून मोजून दोन थोबाडीत दिल्या. लोकांना वाटलं, मालिकेची नक्कल चाललीय. टाळ्या पडल्या. मग तो खाली पडल्यावर लाथा. एकाने तोंडावर बूट मारला. दादा, खुर्चीत बसलेले बाबासुद्धा हसत होते. माझ्या साडीवर रक्त उडालं तेव्हा हशा थांबला.

जबडा दोन ठिकाणी मोडलाय. डॉक्टरांनी दात तारेने बांधलेत. पेज नळीने पितो. बाबा चौकीत जाऊ देत नाहीत, घराची शोभा होईल म्हणतात. मला तुझा राग येतो आणि माझ्या आवाजाचाही. तुला काय लिहायचं ते त्यालाच लिही.
लुईझा

कुवेत, १५ डिसेंबर १९९८

प्रिय व्हॅलेरियन,
तुला आशीर्वाद द्यायला हात उठत नाही. त्या चौघांना फोडून काढावंसं वाटतं, पण पहिला हात माझाच होता. इतक्या लांबून घरात माझ्या नावाने हशा पिकावा, एवढीच हौस होती. त्यासाठी मी तुला विकलं.

हे पत्रही रोजरीनंतर सगळ्यांसमोर वाचा. चौकीत त्यांची नावं दे. माझंही दे. बाबांनी अडवू नये.
तुझा अपराधी, अँथनी

गास, ५ जानेवारी १९९९

प्रिय दादा,
येशूच्या नावाने सलाम. परवा तुझं पत्र मीच वाचलं. तारेमुळे दात उघडत नाहीत, शब्द फुसफुसत येतात. दाराजवळ कोणीतरी खिदळलं. बाबा ताडकन उठले आणि त्याच्या कानाखाली मारायला हात उगारला. मी तो हात धरला. थोबाडीत मारणं या घरात पुरे झालं, असं मी सांगितलं. बाबा मटकन खाली बसले आणि रडले.

काल ते स्वतः माझ्याबरोबर चौकीत आले. मी चार नावं दिली. तुझं दिलं नाही.

तुझी शिक्षा वेगळी. सुट्टीवर आलास की आळीतल्या पहिल्या लग्नात, त्याच चौघांच्या घरच्यांसमोर, माझ्याबरोबर बायकांच्या घोळक्यात नाचायचं. कोणी हसलं तरी थांबायचं नाही. तेवढं केलंस की मग लोभाचं बघू.
व्हॅलेरियन