खिशात मावणारा गेम

प्रिय बारक्या,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज बघतोस आणि सोडून देतोस. मावशीला विचारलं तर ती म्हणते, बरा आहे, दोन घास खातो, दिवसभर जिन्यात बसून असतो. म्हणून हे पत्र, आणि तेही पोस्टाने न पाठवता तुझ्या दाजींच्या हाती देतेय. ते तुला समजवायला येत नाहीयेत, तसा त्यांचा पिंडही नाही. तुझं वाचून होईपर्यंत ते बाहेरच्या खोलीत बसतील. त्यांच्याशी नीट बोल. आणि हे बघ, अर्ध्यावर घडी घालून उशीखाली सरकवायचं नाही. तुझ्या सगळ्या खोडी मला पाठ आहेत. शेवटपर्यंत वाच.

आधी कामाचं बोलते, कारण ते बोलायला सोपं आहे. साचेवाल्यांनी माझा जीव खाल्लाय. आपला मिटणारा गेम, वर पडदा, खाली बटणं, मध्ये बिजागरी, असा सगळा ठरला, आता पोलादात साचा कापायचा. एकदा कापला की मागे फिरणं नाही. माझ्या बाजूचं, म्हणजे बाहेरच्या अंगाचं, सगळं पक्कं आहे. तुझ्या बाजूला, बोर्डावर, मला एक बदल हवाय, आणि तो तुझ्या होकाराशिवाय मी करणार नाही. झाकण मिटल्याचं कळायला आपण चुंबक घातलंय, ते काढून साधं दाबाचं बटण घालायचं. दुसरी गोष्ट याहून तातडीची. लोकांना खेळून बघायला दिलेली सॅम्पलं मी परत गोळा करतेय. माझ्या ओळखीची होती ती काल दिवसभर फिरून आणली. तू परस्पर दिलेली तीन अजून बाहेर आहेत, कुणाकडे ते तुलाच ठाऊक. ती आजच्या आज हवीत. का ते सांगते, पण माझ्या पद्धतीने सांगू दे.

तू मावशीकडे गेल्यापासून मी एकटीच या डबीशी झगडतेय. आपल्या धंद्यात पैसे घातलेला तो भागीदार येऊन डोकं खातो ते वेगळंच. त्याला पडदा रुंद हवा होता, स्वस्तात मिळतो म्हणून. जुने गेम चौकोनी, रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात, आणि तू म्हणायचास तसं दाराच्या फटीतून बघितल्यासारखं वाटतं. मी त्याचं ऐकलं नाही, चौकोनीच ठेवला. झाकणात रंगीत दिवे घालू म्हणाला, तेही मी उडवून लावलं. मिटणाऱ्या गेमचं सुख एवढंच की पडद्याला ओरखडा येत नाही आणि वेगळं कव्हर लागत नाही. बाकी सगळा तापच आहे रे. बटणं उंच ठेवावीत तर झाकण बसत नाही, बुटकी ठेवावीत तर बोटाला कळत नाहीत. बॅटरी मोठी घ्यावी तर जाड होतो, छोटी घ्यावी तर दुपारपर्यंत मान टाकतो. पडदा जड झाला की उघडल्यावर मागे कलंडतो. वरच्या कडेची बटणं बिजागरीला भिडतात. आणि बिजागरीतून जाणारी तुझी ती पट्टीसारखी वायर तर उघडमिटीने कधी दगा देईल सांगता येत नाही. अंगठ्याने फिरवायच्या खुंट्या मी काढूनच टाकल्या, त्यांच्यासाठी झाकणाला खड्डे पाडावे लागत होते. बाबांनी त्यांना कधी हातही लावला नव्हता.

खरं तर हा गेम आपण विकायला थोडाच करायला घेतला होता. बाबांचं दुकान बंद झालं, नाणं टाकून खेळायची ती उंच यंत्रं भंगारात गेली, आणि बाबा घरात बसून टेबलावर बोटं आपटायला लागले, जशी तिथे बटणंच आहेत. तूच म्हणालास, दुकान त्यांच्या खिशात घालू या. पहिलं सॅम्पल होतंय न होतंय तोच त्यांचं ऑपरेशन झालं आणि छातीत ते यंत्र बसवलं, हृदयाचे ठोके बिघडले की आतून झटका देऊन ताळ्यावर आणणारं. आपण किती जपलं त्यांना. मोबाइल डाव्या खिशात ठेवू नका म्हणून मी त्यांच्यावर इतकी ओरडले की शेजारीण डोकावून गेली. नवे इयरफोन मी लपवून ठेवले. मिक्सर चालू असला की तू त्यांना हाताला धरून दुसऱ्या खोलीत न्यायचास. बाबा वैतागायचे. म्हणायचे, आता मला काचेच्या कपाटातच ठेवा. घरात आलेल्या प्रत्येक वस्तूकडे आपण संशयाने बघत होतो.

गेम मात्र त्यांच्या अंगावर कपडा बेतावा तसा बेतला. ऑपरेशननंतर त्यांच्या बोटांत जोर राहिला नव्हता, झाकण उघडताना नखं पांढरी पडायची. मला ते बघवेना, मी बिजागरी सैल केली. सैल केली तर झाकण आपोआप उघडायला लागलं आणि चालू राहून बॅटरी संपायची. तेव्हा तू ती दांडगी चुंबकं आणलीस. मी दाबाचं बटण सुचवलं होतं, आणि त्यावरून आपलं केवढं वाजलं, आठवतंय ना. तुझं म्हणणं, बटणाला भोक पाडावं लागतं, धूळ जाते, ते झिजतं, आणि झाकण धरून ठेवायला पुन्हा वेगळी खीळ हवीच. चुंबक दोन्ही कामं करतं, कुरकुर करत नाही. तुझं बरोबर होतं. नुसती कारागिरी म्हणून बघितलं तर आजही तुझंच बरोबर आहे. बाबांना तर मिटतानाचा तो टक् असा आवाज इतका आवडला की दिवसभर त्यांची उघडमीट चालायची. मग त्यांनी हट्ट धरला, पॅंटच्या खिशात बसताना टोचतो, शर्टाच्या खिशात मावेल असा करा. ते काम माझं. मी बॅटरी लहान केली, कडा गोल केल्या, पाठ चपटी केली. पहिल्यांदा तो अलगद खिशात उतरला तेव्हा बाबांनी वरून थाप मारली, आणि आपण तिघंही उगाचच किती वेळ हसत होतो.

ते गेले त्या दुपारी गॅलरीतल्या खुर्चीत बसले होते, गेम मिटून खिशात. तू सगळ्यांच्या आधी पोचलास. नंतर भेटायला आलेल्या प्रत्येकाला तू तेच सांगत होतास, की शेवटपर्यंत आमचा गेम त्यांच्या छातीशी होता. ते सांगताना तुझा आवाज जरा थाऱ्यावर यायचा. मी शेजारी उभी असायचे, मलाही ऐकून बरं वाटायचं. डॉक्टर म्हणाले, यंत्र असूनही कधीकधी असं होतं, आणि आपण ते मानलं. मग तुला ते घर खायला उठलं आणि तू निघून गेलास. त्यावरून मी तुला फोनवर नाही नाही ते बोलले, सगळं माझ्या गळ्यात टाकून पळालास म्हणाले. तो राग आता राहिला नाही. तो राहिला असता तर हे लिहायला सोपं गेलं असतं.

परवा मला इस्पितळातून बोलावणं आलं. छातीतली यंत्रं तपासणाऱ्या एक बाई आहेत तिथे. बाबांचं यंत्र त्यांनी काढून ठेवलं होतं, त्याने झटका का दिला नाही ते त्यांना बघायचं होतं. यंत्रात काही बिघाड नव्हता. ते थांबवलं गेलं होतं. छातीजवळ चुंबक होतं का, एवढंच त्यांनी मला विचारलं. त्याच दुपारी मी बाबांचा गेम घेऊन परत गेले. त्यांनी टेबलावर तसंच एक यंत्र ठेवलं, मी मिटलेला गेम त्याच्यावर धरला, ते गप्प झालं. बाजूला केला, पुन्हा चालू. मी पुन्हा पुन्हा धरून बघितला, शेवटी त्या बाईंनी माझा हात धरला. मोबाइलला आपण घाबरलो, मिक्सरला घाबरलो, गेमचा विचार मनातसुद्धा आला नाही, कारण तो आपण केलेला होता. बारक्या, चुंबक तुझं होतं. ते एवढं मोठं लागलं कारण बिजागरी मी सैल केली, आणि ते नेमकं त्यांच्या हृदयावर नेऊन ठेवलं मी, खिशाचं माप घेऊन. हे तुला कधीच कळू द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. साच्यासाठी काहीतरी थाप मारून बटण बसवलं असतं, आणि लोकांना सांगायचं ते तुझं वाक्य तुझ्याजवळ राहिलं असतं. पण ती तीन सॅम्पलं बाहेर आहेत. आपले गेम खेळणारी माणसं बाबांच्याच वयाची, आणि कुणाच्या शर्टाखाली काय आहे हे आपण एकालाही विचारलेलं नाही. दाजींना सगळं माहीत आहे. आता ऊठ आणि त्या तिघांना फोन लाव. कसे आहात, काय चाललंय, काही नको. आधी गेम खिशातून काढून लांब ठेवायला सांग. ते का म्हणून विचारतील. तेव्हा खरं काय ते सांग, आणि नाहीच सांगता आलं तर फोन दाजींकडे दे.

यात तुझ्याइतकीच असलेली,
तुझीच,
ताई