सातवा ठोका

काउलून, हाँगकाँग
९ मार्च १९९५

प्रिय सिउ-पाक दादा,

तब्येत बरी असेल, दुकान चालत असेल आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या धुक्यात गुडघा फार ठणकत नसेल, अशी आशा करतो. पत्ता तुझ्या बहिणीकडून घेतला. लिहून देताना तिने विचारलं, "सव्वीस वर्षं पेन सापडत नव्हतं का रे, हॉय-सांग?" मी हसलो. ती हसली नाही.

आता बातमी. बसून वाच! मे महिन्यात नगर सभागृहात प्रदर्शन भरतंय, आपल्या मारामारीच्या चित्रपटांचा सगळा इतिहास. आणि भिंतीवरच्या पाट्यांचा मजकूर लिहायला बोलावलंय कुणाला? मला! सहावीत शाळा सोडलेल्या, कुठल्याही गुरूची छडी न खाल्लेल्या, थिएटरच्या पहिल्या रांगेत मान वर करून शिकलेल्या माक हॉय-सांगला. प्रदर्शनाचं काम बघणाऱ्या फुंग बाई विद्यापीठातल्या. पहिल्या भेटीत म्हणाल्या, "माकसाहेब, काही टिपणं वगैरे आहेत का?" मी टेबलावर चाळीस वह्या ठेवल्या. कोणत्या चित्रपटात, कोणत्या मारामारीत, एका शॉटमध्ये किती घाव.

"अहो, हे थिएटरात बसून मोजलंत?"

म्हटलं, "बाकीचे कलिंगडाच्या बिया सोलून खात होते, तेव्हा."

दादा, काय सांगू, वह्या ओळीने लावल्या आणि इतिहास आपोआप उभा राहिला! आपल्या लहानपणचे ते काळेपांढरे चित्रपट आठव. दोन म्हातारे गुरू दहा पावलांवर उभे, तळहातातून किरणं सुटतायत, तीही फिल्मवर हाताने काढलेली. एकमेकांना स्पर्श नाही. एका शॉटमध्ये घाव शून्य! मग तुम्ही ऑपेराच्या शाळेतली मंडळी आलात. कोलांट्या, भाले, ढोल-झांजेचा ताल. कॅमेरा खांबासारखा एका जागी आणि समोर न थांबता चाळीस घाव. श्वास घ्यायला जागा नाही. मग स्प्रिंगची फळी आली, तारा आल्या, तलवारी छपरावर गेल्या. मग तलवार सुटली आणि मूठ आली. मग मुठीला हसू आलं, बाकडी आणि शिड्या लढायला लागल्या. मग काचा, मोटारी, उंच इमारती. आजची पोरं एका घावाला तीन तुकडे जोडतात. चाळीस घावांचा एक शॉट ते एका घावाचे तीन शॉट, एवढाच तर सगळा इतिहास! फुंग बाईंनी हे वाक्य दोनदा लिहून घेतलं.

पाचवी पाटी माझी आहे. म्हणजे माझ्याबद्दलची. नाव दिलंय 'गाळलेला ठोका'. ऑपेराच्या सात ठोक्यांतला एक काढून कॅमेऱ्यासाठी सहा ठोक्यांची मारामारी मी बसवली, एकोणसत्तर साली, चहाघराच्या प्रसंगात. तिथून वेग आला. बाई म्हणतात, ही इतिहासातली खरी कलाटणी. मी तीन दिवस हवेत होतो.

चहाघराचा प्रसंग तुला आठवतो, हे मला माहीत आहे.

गेल्या मंगळवारी फुंग बाईंचा फोन. "माकसाहेब, गंमत आहे! गोदामात त्या चित्रपटाचं न कापलेलं रीळ सापडलंय." मी घरातल्या चपलांनिशीच पळालो. छोटं यंत्र होतं, हाताने फिरवायचं, एकेक फ्रेम बघता येते. मी मोजायला बसलो. मला दुसरं येतं काय?

वर कठड्यावर तू, नायिकेच्या बदली उडी मारायला, तिच्या गुलाबी झग्यात, केसांचा टोप लावून. (बाई म्हणाल्या, "किती नाजूक दिसते ही!" मी म्हटलं, "नाजूक? रोज भाताचे सात वाडगे संपवायचा.") खाली तुला झेलायला गवताची गाडी, ढकलायला चौघे; गाडी आणि उडी, दोन्ही शेवटच्या ठोक्यावर. आणि डाव्या कोपऱ्यात, चौकटीत यायला नको होते असे दोन हात, लाकडी टिपऱ्या वाजवणारे. माझे. आवाज नाही, तेव्हा आपण मुकंच चित्रण करायचो. पण टिपऱ्या एकमेकींना लागलेल्या दिसतात ना.

कॅमेरा सेकंदाला चोविसाऐवजी बावीस फ्रेमवर होता, मार जोरात दिसावा म्हणून. दोन ठोक्यांमध्ये अकरा फ्रेम. पहिला, दुसरा, तिसरा. सहाव्याला माझे हात थांबले आणि गाडी सुटली. मग मी नजर चौकटीत वर नेली, फक्त तुझा पाय बघितला आणि तिथून फ्रेम मोजल्या. एक, दोन, तीन... नऊ, दहा. अकराव्या फ्रेमला तू कठडा सोडलास. मी पाच वेळा मोजलं, दादा. अकराव्याच.

सातवा ठोका मी वाजवलाच नव्हता. तरी तू बरोबर त्याच जागी उडी मारलीस. गाडी मात्र तुझ्याखालून निघून गेली होती.

आता ते लिहितो जे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मी खालच्या चौघांना सांगितलं, आता सहावर. कॅमेरावाल्याला सांगितलं. तुला सांगितलं नाही. विसरलो नाही. वर यायला अकराच पायऱ्या होत्या. पण तू म्हणाला असतास, "सातचे सहा? हे कुठल्या सिनेमात पाहिलंस रे, पहिल्या रांगेतून?" आणि सगळे हसले असते, आणि तुझंच ऐकलं असतं. मला वाटलं, नुसत्या टिपऱ्या ऐकून तू आपोआप सहावर येशील आणि माझं खरं ठरेल.

आणि तुला फळीवर घालून नेलं, तेव्हा दिग्दर्शकाने विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "तालाला चुकला." तुमच्या शाळेत यापेक्षा मोठी शिवी नाही, हे मला ठाऊक होतं. गुडघा वर्षभरात जुळला. पण ते दोन शब्द सगळ्या स्टुडिओंमधून फिरले आणि तुला कुणी बोलावलं नाही.

फुंग बाईंना मी काल सगळं सांगितलं. त्यांनी पाटीचा मसुदा पुढे ओढला. मग म्हणाल्या, "पाटी काढून टाकू या का? कुणाला कळणारही नाही." मी म्हटलं, "नाही, बदलू या." नवा मजकूर माझ्या अक्षरात छापखान्यात गेला आहे. परत मागता येऊ नये म्हणून तुला लिहिण्याआधीच पाठवला. तो असा:

"चहाघरातली उडी. उडी घेणारे: तोंग सिउ-पाक. ते तालाला चुकले नाहीत. ठोका माक हॉय-सांग यांनी गाळला आणि त्यांना सांगितलं नाही."

शेजारी त्या अकरा फ्रेम ओळीने लावणार आहेत, हाताएवढ्या मोठ्या करून. शेवटच्या फ्रेममध्ये तुझं पाऊल हवेत आहे. दादा, काय उडी आहे ती! चाळीस वह्यांत तशी दुसरी नाही.

तुझ्या बहिणीला पहिल्या दिवशी मी स्वतः घेऊन जाईन. ती यायला तयार असेल तर.

मित्र म्हणायचं की नाही, ते तू ठरव. अपराधी मात्र तुझाच,

माक हॉय-सांग