मापाचा दोरा

८ फेब्रुवारी १९७३, गुरुवार
छातीचे एक्स-रे फोटो अकरा. टँकर आला नाही. फिल्म धुवायच्या टाकीत अजून सोमवारचंच पाणी.
डॉक्टर पुण्याहून गुरुवारचेच येतात. आज त्यांनी देवळाली प्रवरेच्या कौसल्याला ऑपरेशन सांगितलं. वय ३२. डाव्या स्तनात सुपारीएवढी गाठ, तीन महिने लपवलेली. बरोबर भाऊ. तपासण्यांसाठी वॉर्डात ठेवलंय. सोमवारी सखूबाईंना तिच्याकडे न्यायचं.
सखूबाईंचाही दरवर्षीचा फोटो काढला. खोकतात. म्हणाल्या, "गिरनीत पीठ ग्येलं नरड्यात." त्यांच्या ऑपरेशनला तीन वर्षं झाली. ऑपरेशन झालेल्या बायकांचं आमचं मंडळ त्यांच्यापासूनच सुरू झालं.

९ फेब्रुवारी, शुक्रवार
सखूबाईंची फिल्म वाळली. उजव्या फुप्फुसात, खाली, दोन गोल सावल्या.
पाणी जुनं. फिल्मवरचं रसायन, हायपो, नीट धुऊन निघत नाही, डाग राहतात. या महिन्यात तीन फिल्म अशाच गेल्या. म्हणजे डाग असू शकतो. डागाची कड इतकी गोल नसते, पण असू शकतो.
फोटो पुन्हा काढायचा.
मंडळाच्या नोंदणीचा अर्ज टेबलावर तसाच. चिटणीस म्हणून माझं नाव. ‘उद्देश’ रिकामा. आम्ही करतो ते एवढंच : ऑपरेशन झालेली बाई ऑपरेशन व्हायच्या बाईला भेटते. बोलायचं तिनेच, मी दाराशी उभी. खोटं सांगायचं नाही. शेवटी सखूबाई दोऱ्याने छातीचं माप घेतात, दोऱ्याला गाठ मारतात, आणि आतून खिसा असलेली चोळी शिवायला घेतात. खिशात कापूस, तळाला मूठभर राळ्याचे दाणे, म्हणजे वर सरकत नाही. आजवर जिने माप दिलं ती ऑपरेशनला आली. हे अर्जात कसं लिहायचं?

१० फेब्रुवारी, शनिवार
सखूबाईंना निरोप पाठवून बोलावलं. सांगितलं, फिल्म खराब झाली.
"तुझी? तुझी फिल्म कधी खराब झाली गं?"
"पाणी नाही, सखूबाई."
"मंग मला घागर आनायला सांगायची."
वाट बघताना त्यांना चहा दिला. पिण्याच्या पाण्यातलं एक बादलीभर पाणी वापरून फिल्म धुतली. दोन्ही तिथंच. १४ मि.मी. आणि ९ मि.मी. तीनदा मोजलं.
पाकिटात घालून डॉक्टरांच्या टेबलावर. सांगायचं काम त्यांचं, माझं नाही. गुरुवारपर्यंत पाच दिवस आहेत आणि मधे सोमवार.
मंडळातल्या विमलला पाठवता येईल. पण तिच्या ऑपरेशनला वर्षही झालेलं नाही, आणि पेशंटच्या आधी तीच रडते.

१२ फेब्रुवारी, सोमवार
सखूबाई आल्या त्या सरळ एक्स-रेच्या खोलीत. दार लोटून म्हणाल्या, "दोनदा फोटू काढलास, आन् च्या पाजलास. तीन वर्सांत कधी पाजलास का?"
मी म्हटलं, गुरुवारी डॉक्टर सांगतील.
"बरं," म्हणाल्या, आणि पदर सारखा करून वॉर्डात गेल्या.
सुरुवात नेहमीचीच. हात वर करून दाखवला, घागर कशी उचलते ते. कौसल्या पहिल्यांदा हसली. मग तिने विचारलं, सगळ्या विचारतात ते : "मावशी, तुमाला परत काय झालं न्हाई ना?"
नेहमीचं उत्तर : "बघ की, ठणठणीत हाय."
आज त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही. काहीच केलं नाही.
"म्हाईत न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "गुरवारी कळंल. पर तीन वर्सं गावली. थोरलीचं लगीन क्येलं. धाकटी साळंत जाती."
कौसल्याने भिंतीकडे तोंड केलं. दोरा काढला तर म्हणाली, नको.
संध्याकाळी भाऊ येऊन तिला घरी घेऊन गेला. कागदावर अंगठा तिचाच : स्वतःच्या मर्जीने जाते.
‘उद्देश’ समोर ‘धीर देणे’ लिहिलं होतं, ते खोडलं. खोटं नको हा नियम माझा. आईला सगळे बरी होशील म्हणत होते, त्यावरून केलेला.

१५ फेब्रुवारी, गुरुवार
डॉक्टरांनी सखूबाईंना सांगितलं. मुंबईला जायला हवं, तिथे औषध देऊन बघतील. त्यांनी विचारलं, किती दिस? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. त्यांना खरंच येत नाही.
बाहेर बाकावर बसून त्यांनी हातातला दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. मला वाटलं आता रडतील. तर मला म्हणाल्या, "सुक्करवारपस्नं येकटीच घिऊन हिंडत हुतीस व्हय? येडी का खुळी?"
मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले.
मग त्या म्हणाल्या : "त्या पोरीच्या घरी जायाचं. रईवारी."
"तुम्हाला दम लागतो."
"मंग तू चल. दोघीत तीन फुप्फुसं तर चांगली हायत."

१८ फेब्रुवारी, रविवार
सकाळची राहुरी एस.टी., पुढे देवळाली. कालव्याला पाणी नाही, ऊस गुडघ्याएवढाच. कौसल्याची सासू दारातच म्हणाली, "आमाला कापाकापी न्हाई करायची." सखूबाई म्हणाल्या, "आमी कुटं कापाया आलो? पानी तर पाजा." पाणी मिळालं. तांब्याभर, मोजून.
कौसल्या गोठ्यात होती. आमच्याकडे न बघता म्हणाली, "मावशी, तुमी खरं बोललात म्हनून भ्या वाटलं."
"मलाबी वाटतंय की. गुरवारी कळलं. परत आलंय."
कौसल्याने हातातली वैरण खाली ठेवलं.
"मंग काय उपेग झाला कापून?"
सखूबाई बोलणार होत्या, खोकला लागला. बराच वेळ थांबेना. कौसल्या माझ्याकडे वळली. "ताई, तुमी कशापाई फिरता हे घिऊन? तुमाला तर काय न्हाई."
नियमाप्रमाणे मी बोलायचं नसतं. बोलले. आईने पाच महिने पदराखाली लपवलं. मग ऑपरेशन होण्यासारखं राहिलं नव्हतं. माझी मॅट्रिकची परीक्षा होती. निकाल लागला तेव्हा ती नव्हती. तुमची गाठ अजून काढण्यासारखी आहे. काढल्यावर किती वर्षं मिळतील ते मला माहीत नाही.
हे मी मंडळातही कुणाला सांगितलेलं नाही. सखूबाई माझ्याकडे बघत राहिल्या.
कौसल्याने विचारलं, "साळंत पोरगी कितवीला हाय, मावशी?"
"दुसरीला. पाढं येत न्हाईत मेलीला."
माप घेऊ दिलं नाही. पण निघताना हात पुढे केला. "दोरा ठिवून जा."

२१ फेब्रुवारी, बुधवार
दुपारी कौसल्याचा भाऊ आला. एकटा. खिशातून कागदाची पुडी काढली. आत दोरा, एक गाठ मारलेली.
"ती कुठेय?"
"घरी."
"उद्या डॉक्टर आहेत. येणार आहे का?"
"म्हनली, शिवून ठिवा. येवडंच म्हनली."
चहा न घेताच राहुरीच्या गाडीला पळाला.
सखूबाईंची मुंबईची गाडी शुक्रवारी. तरी आल्या. मी टेप धरला, त्यांनी दोरा ताणला. साडेतेहतीस इंच. वहीत लिहिलं. त्यांनी खण पसरला, आणि कापताना शिलाईत दोन्ही बाजूंना जास्तीचं कापड सोडलं.
"इतकं कशाला?" मी विचारलं.
"मापाला फरक पडतू मागनं. सैल ऱ्हाऊ दे. परत आल्याव घट्ट करीन."
कोण परत आल्यावर, ते मी विचारलं नाही. राळे पाखडून दिले. उद्याच्या फिल्मसाठी बादलीभर पाणी झाकून ठेवलंय.