राहता कुठे, एवढंच

मंगळवार, ४ मार्च
उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू आता कामात आडवा येतोय. आज भिंतीला फरशी लावताना दोन सांधे चुकले. दीड मिलिमीटर! दुसऱ्या कुणाला दिसले नसते. मला बोटाला जाणवले. उखडून परत लावले.

पालिकेच्या हॉस्पिटलात ऑपरेशन करतात. देशात राहायचा परवाना आहे का, हे विचारत नाहीत. या शहराचं ओळखपत्र तेवढं लागतं. उद्या ते काढायला कचेरीत जातो.

बुधवार, ५ मार्च
खिडकीवर ट्रिबलबाई. साठीच्या, चष्मा साखळीला. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ओळखपत्र हवं, म्हणालो.

विजेचं बिल? नाही. भाडेकरार? नाही. बँकेचं पत्र? नाही. शहराच्या या क्वीन्स भागात एकोणीस वर्षं काढली, एकाही कागदावर नाव येऊ दिलं नाही— हीच तर माझी हुशारी! घर, बिलं, सगळं चुलतभाऊ आबेलच्या नावावर. त्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे. लायब्ररीतलं पुस्तकसुद्धा मी तिथेच बसून वाचतो, घरी न्यायचं तर नाव द्यावं लागतं. इंग्रजी, भूमिती, सगळं तिथल्या एका खुर्चीत शिकलो.

शेवटी घाबरून सांगायला लागलो, "बाई, खरं सांगतो, मी सरहद्दीवरून—"

त्यांनी हात वर केला. "थांबा! राहता कुठे, एवढंच मला लागतं. बाकीचं मला माहीतच नसलं, तर मी कुणाला काय सांगणार?"

काय बाई आहे! मग नियमांचं पुस्तक काढलं, ओळीखाली बोट धरून वाचलं. सापडलं: ज्याच्या नावावर घर आहे त्याने स्वतः यायचं, 'हा माझ्याकडे राहतो' असं लिहून सही करायची. नियम वाकवला नाही, मला त्यात नीट बसवलं. कारागीर मी लांबून ओळखतो.

शुक्रवार, ७ मार्च
आबेल टाळतोय. "सोमवारी काम आहे." "पोट बिघडलंय." काल उकडलेला मका आणि डुकराचं मटण दोन ताटं हाणली, तेव्हा पोट बरं होतं!

"खिशात ग्रीन कार्ड आणि कोंबडीसारखा घाबरतोस?" मी म्हणालो. "माझ्याकडे असतं तर महापौराकडे जेवायला गेलो असतो."

"गेला असतास, मास्तर. आणि त्याच्या फरशीत चुका काढून आला असतास."

हसलो. पण तो येतो म्हणाला नाही.

रविवार, ९ मार्च
त्याच्याशी बोललो नाही.

सोमवार, १० मार्च
आला! इस्त्रीचा सदरा घालून. बाईंनी ओळख मागितली तर आपल्या देशाचा, एक्वादोरचा पासपोर्ट पुढे केला. ग्रीन कार्ड विसरला असणार— धांदरट! "चालेल," बाई म्हणाल्या.

तारीख त्याने आपल्या गावच्या रीतीने लिहिली, आधी दिवस, मग महिना; इथे उलटं लिहितात. मी खोडून दुरुस्त करायला गेलो. बाईंनी कागदच काढून घेतला, नवा दिला. "खाडाखोड दिसली तर वरचे परत पाठवतील. तेवढे दिवस तुमचा डोळा थांबेल." पुन्हा सगळं लिहायला लावलं. मागे रांग कुरकुरत होती, त्यांनी मान वळवली नाही. मीही असंच केलं असतं.

बुधवार, २६ मार्च
ओळखपत्र आलं. पोस्टाने, पाकिटावर माझं नाव! क्रिसान्तो तेनेसाका, एकही अक्षर चुकलेलं नाही. ऑपरेशन १५ एप्रिलला. गावी, आसोगेसला रोसाउराला फोनवर दाखवलं. "फोटोत रागावलेले दिसताय," म्हणाली. बायकोला एवढंच दिसलं.

गुरुवार, २७ मार्च
जेवताना आबेलने विचारलं, "ती बाई खरंच कुणालाच काही विचारत नाही ना? मग मलाही ने."

"तुला कशाला? तुझं ग्रीन कार्ड—"

"नाही रे. कधीच नव्हतं."

"मग एकोणीस वर्षं सगळी बिलं तुझ्या नावावर?"

"दोघांनी घाबरून एका घरात राहता येत नाही, मास्तर."