कॉम्प्युटरले चूलबंद परवानगी

दर्यापूर, रविवार

चि. माधवीले मोतीराममामाचा सप्रेम जयभीम.

माय, तू, जावईबापू अन् लेकरं खुशाल असालच. अकोल्यात ऊन लय तापून राहिलं म्हणतात, डोक्याले रुमाल बांधल्याबिगर निघत जाऊ नको. आमी बरे आहो. तुझी मामीही बरी आहे, फक्त माझ्याशी बोलून नाही राहिली. (कारण खाली येईलच, अबोल्यात मोठं पत्र लिहायले सवड भेटते.)

तुले आमच्या घरचा कायदा माहीत आहे, बैठकीतलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढं. मी बसस्टँडवर कंट्रोलर, साऱ्या गाड्या टाईमवर सोडणार अन् स्वतः घरून उशिरा निघणार, म्हणून लग्न झाल्याबरोबर तुझ्या मामीनं, पंचफुलेनं, ते सरकवलं. तवापासून स्वयंपाक, शाळा, माझ्या बीपीच्या गोळ्या, सारं त्याच्यावर. आता आपल्या प्रतीक्षाची नोकरीची मुलाखत आली, तीही घरबसल्या, तू देलेल्या कॉम्प्युटरवर, सकाळी अकराले. (शिक्षण झाल्यापासून पोरगी अर्जच करून राहिली होती, पहिल्यांदा कोणीतरी बोलावलं.) मामी म्हणे, भिंतीवर एक टाईम अन् कॉम्प्युटरवर दुसरा, पोरीनं भरोसा कोणावर ठेवायचा? म्हटलं, हात्तिच्या! जन्मभर गाड्यांचे टाईम लावले, हा डबा काय चीज आहे.

तू त्यात विंडोजच्या जागी लिनक्स टाकून देलं. टाईम पुढं करायले गेलो, तर म्हणे परवानगी नाही. माझ्याच घरात मलेच! मंग तू सांगतलेला मालकाचा पासवर्ड टाकला, तवा टाईम सरकला, पण जरा वेळानं पाहतो तर पुन्हा जागेवर. (तो इंटरनेटले खरा टाईम विचारून घेते, हे मले तुझ्याकडून मागून समजलं. चुगलखोर!) माझं टाळकं सटकलं. कोण्या शहाण्यानं इंटरनेटवर लिहिलं होतं, फोल्डरले ७७७ देऊन टाका, म्हणजे कोणीही वाचा, कोणीही लिहा, कोणीही चालवा. आपल्याकडं लग्नात चूलबंद आवतन देतात ना, की घरी चूल पेटवायचीच नाही, सारेच्या सारे जेवायले या, तसं मी सेटिंगच्या अख्ख्या फोल्डरले देऊन टाकलं अन् समाधानानं चहा पेलो.

मुलाखतीच्या सकाळी कंपनीवाल्यांचा मुलाखतीचा प्रोग्रॅम टाकायले बसलो, तर पासवर्ड बरोबर असून कॉम्प्युटर मालकाले ओळखेना. कोणाले काय परवानगी, हे ज्या फाईलीत असते, तिच्यात आता कोणीही लिहू शकते, तवा मी कोणाचंच ऐकत नाही, असा त्याचा निरोप. खरंच आहे बाप्पा, घराले दरवाजाच नाही तर मालक कोण अन् पाहुणा कोण? मोबाईलवर मुलाखत चालणार नव्हती. भिंतीवर अकरा वाजले, प्रतीक्षा ओढणीत तोंड घालून रडायले लागली, अन् माय, मी तुले फोन लावला.

तू फोन उचलला. (तुझे साहेब समोर बसले होते म्हणे.) हासली नाही, रागावली नाही, आधी विचारलं, "मामा, अकरा तुमच्या घड्याळात की खरे?" तवा ध्यानात आलं, अजून पंधरा मिनिटं हातात आहेत! मंग तू सांगत गेली, बंद करून चालू करा, रिकव्हरीत जा, त्या फाईलचा दरवाजा लावा. मामी दरवाजा लावायचा आकडा, शून्य-चार-चार-शून्य, पाढ्यासारखा मोठ्यानं म्हणत होती, मी टाईप करत होतो. प्रोग्रॅम बसला, प्रतीक्षा डोळे पुसून टाईमवर हजर झाली. उरलेलं फोल्डर तू संध्याकाळी निस्तरलं. माधवी, तुझे उपकार मी विसरणार नाही. त्या दिवशी पोरीची नोकरी गेली असती अन् ती माझ्या हातानं गेली असती.

तुझा मामा,
मोतीराम

ता. क. भांडणाचं मूळच उपटावं म्हणून मी भिंतीवरचं घड्याळ खऱ्या टाईमवर आणलं, पण मामीले सांगायचं राहिलं. ती सवयीनं पंधरा मिनिटं वजा करून निघाली अन् अमरावतीची गाडी तिच्या डोळ्यादेखत गेली. म्हणून अबोला. घड्याळ पुन्हा पुढं केलं आहे.

आणखी ता. क. खरी गोष्ट राहूनच जात होती. प्रतीक्षाले नोकरी लागली, अन् तीही अकोल्यातच! रूम भेटेपर्यंत तुझ्याकडं ठेवून घेशील का? पोरगी गुणाची आहे, तुले जड नाही होणार. मामीनं तिच्यासंगं एक भिंतीचं घड्याळ बांधून देलं आहे. ते पुढं आहे. त्याले हात लावू नको माय, परवानगी फक्त मामीले आहे.