काळोखात पडदा लुकलुकतो

रविवार, ७ सप्टेंबर

आज अर्ध्यातच बंद करावं लागलं. आठवड्यातला माझा एक तास, त्यातलाही निम्मा गेला.

चिंगीकडे नवा मॉनिटर आलाय. वाढदिवसाची भेट — सज्जनाकडून. तिच्या आईच्या दुसऱ्या नवऱ्याला मी मनात सज्जन म्हणतो, कारण सगळेच म्हणतात, आणि त्याचं नाव घ्यायला माझी जीभ वळत नाही. मी दिलेला जुना मॉनिटर उत्तम चालत होता. तो त्याच्या कुठल्याशा भाच्याला दिला म्हणे. दिला! मला विचारायची गरज नाही वाटली कुणाला.

संगणकावरचा आमचा भुयारांचा खेळ. ती तिच्या घरून, मी माझ्या. तिच्या हातात दिवा, माझ्या हातात दोर. खाली उतरलो तशी म्हणाली, "बाबा, काळोखात सगळं लुकलुकतंय. डोळे दुखतायत." मी म्हटलं, दिवा उलटा धरतेस म्हणून सावल्या हलतात, किती वेळा सांगायचं. तर तसं नव्हतं. अख्ख्या पडद्याचाच उजेड कमी-जास्त होतोय. पुढे पाण्याच्या चौकात तिने "सोड" म्हणायला उशीर केला, मी पडलो, परत पहिल्यापासून. त्यावर जरा बोललो. लक्ष कुठे असतं देव जाणे. चौदा वर्षांची घोडी झाली.

मग ती म्हणाली, "राहू दे आज. पडदा नीट झाला की खेळू."

सोमवार, ८ सप्टेंबर

दुखणं कळलंय. कळणारच. हेच करून पोट भरतो मी. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांचे संगणक फोनवरून दुरुस्त करतो.

जुने पडदे आपल्या ठरल्या गतीने ताजे व्हायचे. चित्रं पाठवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला ती गती जमली नाही की चित्र मधूनच फाटायचं. आता पडदाच कार्डाच्या तालावर चालतो. कार्ड पळालं की पडदा पळतो, कार्ड रेंगाळलं की पडदाही रेंगाळतो. ऐकायला झकास. पण खेळात ताल क्षणाक्षणाला बदलतो, आणि काही पडद्यांना ती ओढाताण सोसत नाही. ते काळ्या रंगावर थरथरतात. दुसऱ्याच्या तालावर नाचायचं म्हटलं की थरथर आलीच. संसार करून झालाय, माहीत आहे.

शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांना सांगितलं. आजोबा म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने, निवृत्तीला टेकलेले. म्हणाले, "वेगाला वरून झाकण घाल. ताल एकसारखा राहिला की गप्प बसेल." मला हेच सुचलं होतं. तरी 'वा' म्हटलं.

बुधवार, १० सप्टेंबर

संध्याकाळी सज्जनाला फोन. चिंगी शिकवणीला गेलेली. "बोला, समोरच बसलोय," म्हणाला. आज्ञाधारक विद्यार्थी!

मी कामाच्या आवाजात बोललो. खेळाच्या सेटिंगमध्ये जा. फ्रेमची, म्हणजे सेकंदाला किती चित्रं त्याची, मर्यादा शोधा. नव्वदवर बांधा. मग खेळ खिडकीत नको, पूर्ण पडद्यावर. त्याने भलतंच बटण दाबून मॉनिटरच बंद केला. "हरकत नाही, सगळ्यांचं होतं असं," मी म्हटलं. फोनवर मी चिडत नाही. कुणीही कितीही माती खाल्ली तरी नाही. ऑफिसात त्याबद्दल दोनदा प्रमाणपत्र मिळालंय.

शेवटी म्हणाला, "मला तर स्थिर दिसतंय आता. पण आमचे डोळे म्हातारे. तिलाच बघू दे."

माझ्यापेक्षा लहान आहे. म्हणे म्हातारे.

रविवार, १४ सप्टेंबर

नाही गेलं. खेळ सुरू करून चहा निवायच्या आत "बाबा, परत."

मी म्हटलं, पडद्याचं रेकॉर्डिंग करून पाठव. पाठवलं तिने. पाहिलं — स्वच्छ. एक थरथर नाही.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, कुठे काय लुकलुकतंय? मी नाही म्हणालो. रेकॉर्डिंग कार्डातून निघालेल्या चित्राचं होतं, आणि दोष त्याच्या पुढे आहे, काचेत. तो रेकॉर्डिंगमध्ये दिसणारच नाही. भलेभले इथे फसतात. तिला समजावून सांगितलं. "तू काळजी करू नकोस, व्हिडिओत दिसत नाही म्हणजे नाहीच असं नसतं."

तिकडे तिची खुर्ची करकरली. मग, "हो ना?"

हो म्हटलं. मग ते आकड्यांचंही सांगितलं. ठरावीक आकड्याखाली वेग गेला की पडदा प्रत्येक चित्र दोनदा दाखवतो, आणि त्या उडीला उजेड हलतो. तिने नीट ऐकलं. प्रश्नसुद्धा विचारले. शाळेत काय चाललंय तेही मधूनच सांगून टाकलं — बाकावरच्या मैत्रिणीशी अबोला आहे. मला कुठे माहीत होतं.

खेळ झाला नाही. तास मात्र सगळा गेला.

गुरुवार, १८ सप्टेंबर

पडदा जोडायची चांगल्यातली केबल पाठवली. तिच्या आईचा निरोप लगेच. "एका खेळासाठी इतका आटापिटा कशाला? तिला अभ्यास आहे."

उत्तर दिलं नाही. काय देणार? तुमच्या घरात तिचे सातही दिवस आहेत. माझ्याकडे एक खेळ आहे. तो बंद पडला तर दोन महिन्यांत 'कशी आहेस, बरी आहे' वर येऊ. पाहिलंय मी आमच्या ऑफिसात. घटस्फोटित बापांचे फोन जेवणाच्या सुट्टीत होतात आणि सुट्टी संपायच्या आधीच संपतात.

शनिवार, २० सप्टेंबर

सज्जनाने केबल लावली. 'लावली, आभार' एवढाच निरोप. सोबत हात जोडलेलं चित्र.

रविवार, २१ सप्टेंबर

"पाच मिनिटं बरं होतं बाबा. मग वेग त्या आकड्याखाली गेला असणार, कारण उजेडाने उडी मारली."

शाबास! अशी तक्रार करणारं गिऱ्हाईक मला जन्मात भेटलं नाही. "माझीच लेक," म्हटलं. हसली.

मग ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, काढला, परत घातला. तो उतरेपर्यंत गप्पा. अबोला मिटला म्हणे. मैत्रीण स्वतःहून आली. कशी आली, काय म्हणाली, सगळं रंगवून सांगितलं. मध्येच मला विचारलं, "तू एकटा जेवतोस का रे?" म्हटलं, टीव्हीवरचे बातम्या सांगणारे असतात सोबतीला.

सोमवार, २२ सप्टेंबर

आजोबांशी वाजलं.

सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "गिऱ्हाईक आपलेच शब्द आपल्याला परत द्यायला लागलं, की दुखणं यंत्रात नसतं बाबा."

"ती गिऱ्हाईक नाही."

"मग तर झालंच."

दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही. म्हातारा माणूस, बायको-मुलं सगळी एका घरात, रोज डब्यात गरम पोळी. त्याला काय कळणार?

दोष पॅनेलचाच, त्या काचेचाच आहे. सज्जनाने नुसतं मोठं आकारमान बघून उचललाय. त्याला सांगणार, परत कर आणि बदलून आण. स्पष्ट सांगणार. पुष्कळ झाला सभ्यपणा.

गुरुवार, २५ सप्टेंबर

फोन केला. या वेळी कामाचा आवाज नाही, माझा. म्हटलं, तीन आठवडे होत आले, मुलीचे डोळे जातील, पडदा बदला.

"कसलं लुकलुकणं?" म्हणाला.

मी म्हटलं, कसलं म्हणजे?

"अहो, ते तर तुम्ही त्या बुधवारी सांगितलंत तेव्हाच गेलं. केबल मी भेट समजून लावली, पण त्या दुरुस्तीचे आभार मानायचे राहिले. आता शनिवारी मैत्रिणींबरोबर तीन-तीन तास असते तोच खेळ खेळत. मला जेवायला ओढून आणावं लागतं—"

आणि थांबला. त्याच्या डोक्यात उजेड पडला तो मला फोनवरून ऐकू आला.

मग हळूच, "म्हणजे... मला वाटतं. मला यातलं फारसं कळत नाही." खोटं बोलायची सवय नाही बिचाऱ्याला. माझ्यासाठी बोलला. ते सगळ्यात झोंबलं. शेवटी म्हणाला, "तिला काही बोलू नका. लहान आहे."

तिला काय बोलायचं ते आता हा सांगणार मला.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

अडाणी असतो तर चौदा तारखेलाच कळलं असतं. व्हिडिओ स्वच्छ, म्हणजे पडदा स्वच्छ. शेंबड्या पोराला कळेल. पण मी शहाणा! तिला खोटं रचायचीसुद्धा तसदी पडू दिली नाही. मीच रचून दिलं, आकड्यांसकट.

नवीन येणाऱ्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो आम्ही. गिऱ्हाईक 'बंद करून चालू केलं' म्हणतं तेव्हा त्याने केलेलं नसतं, असं धरून चालायचं.

मैत्रिणींबरोबर खेळते. मग दिवा कुणी धरायचा, दोर कुणी?

शनिवार, २७ सप्टेंबर

मोठा निरोप लिहिला. खोडला. परत लिहिला. 'खेळायचं नसेल तर तोंडाने सांगायचं, बापाला उल्लू बनवायचं नाही.' खोडला.

तिच्या संगणकात दुरून शिरता येतं मला. तिने हो म्हटलं की झालं, आणि ती हो म्हणेलच. किती तास, कुठल्या दिवशी, सगळी नोंद तिथे असते. समोर ठेवायची आणि म्हणायचं, आता बोल. गिऱ्हाइकांना कधी असं पकडत नाही आम्ही. नियमच आहे, खोटं कळलं तरी त्यांना पळवाट ठेवायची.

आता या वेळेला ती खेळत असेल.

आजोबांना फोन करावा असं वाटलं. शनिवारी घरी नातवंडं असतात त्यांच्या. नाही केला.

रविवार, २८ सप्टेंबर

पळवाट ठेवली. म्हटलं, "चिंगे, पॅनेलचाच दोष निघाला. तो दुरुस्त होत नाही. तू किती सहन करणार? खेळ सोडून देऊ."

वाटलं, सुटल्यासारखी 'बरं' म्हणेल. 'बरं' आलं नाही. मग म्हणाली, "तुला माहीत होतं ना? व्हिडिओ बघितलास तेव्हाच? मला वाटलं, कळलंय तुला, तरी तू चालू ठेवलंयस."

मी म्हटलं, मी कशाला चालू ठेवीन?

"खेळताना तू सारखा ओरडतोस बाबा. दिवा असा, दिवा तसा. पडदा बिघडलाय म्हटलं की एकदाही ओरडत नाहीस. गिऱ्हाइकांशी बोलतोस तसा बोलतोस. छान वाटायचं."

गिऱ्हाइकाचा फोन ठेवताना विचारतो तेच सवयीने तोंडातून निघालं, "आणखी काही मदत करू शकतो का?"

ती हसली नाही. म्हणाली, "हो."