दोन-दोन दिवसांच्या गोळ्या

१२ जानेवारी, जालना

आईला अ‍ॅडमिट केलं. आठवड्यापूर्वी शेतात कापसाच्या पऱ्हाटीचा खुंट पायात घुसला. शुगर आहे, त्यामुळे जखम चिघळली. ताप १०३. डॉक्टर मॅडमनी विचारलं, "घरी आधी कोणत्या अँटिबायोटिक दिल्या?" मी म्हणालो, "न्हाई, कोणतीच न्हाई." जाफराबादला माझं स्वतःचं मेडिकल आहे हे सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता.

१३ जानेवारी

मॅडमनी लिहिलेलं इंजेक्शन पाहिलं; ते आईला लागू पडेल का, शंकाच आहे. त्याच जातीच्या गोळ्या आईला वर्षभर देत आलोय — कणकण, खोकला, दाढ, काहीही होवो. पट्टीवर कात्री चालवायची, दोन दिवसांच्या हातावर ठेवायच्या. सगळ्या गिऱ्हाइकांना तसंच देतो. लोकांना पूर्ण कोर्स नको असतो, आणि मलाही वाद नको असतो.

तरी मॅडमना हे सांगितलं नाही. लाज वाटते.

१५ जानेवारी

ताप हटत नाही. सूज घोट्याच्या वर चढली. त्यात घरून दैवशालाचा फोन — आमच्या लेकीला, साक्षीलाही आजपासून ताप. बायकोवर उगाच खेकसलो. "पॅरासिटामॉल दे, पोरींना येतोच ताप."

१६ जानेवारी

जखमेतल्या पुवाचा रिपोर्ट आला. औषधांची नावं एकाखाली एक, आणि जवळजवळ प्रत्येकापुढे तेच — जंतू दाद देत नाही. मग मॅडमना सगळं सांगून टाकलं. त्या ओरडल्या नाहीत. "तीन दिवस वाया गेले हो," एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता दोन औषधं एकदम. एक जंतूचं कवच फोडणार, दुसरं आत शिरणार. एकट्या कुणाच्या आवाक्यातलं हे काम नाही. पण किडनीवर भार येतो.

१७ जानेवारी

लघवी कमी. तासातासाला पिशवी बघतोय.

१९ जानेवारी

ताप ९९! लघवी बराबर. आईनं भाकर मागितली. जिन्यात जाऊन रडलो. दुकानात परत गेल्यावर पहिली ती कात्री फेकणार.

२० जानेवारी

आई आज नीट बोलली. "भारत, तुझ्या गोळ्या म्या समद्या कुठं खाल्ल्या? एकीनंच बरं वाटायचं. बाकीच्या डब्यात हायेत, फेकू नको. साक्षीला काही झालं की त्यातलीच अर्धी देते मी."

साक्षीच्या तापाचा आज सहावा दिवस.